बळकट पोलाद, बारीक तडा

मोठ्या प्रवासी विमानांच्या लँडिंग गिअरचे मुख्य खांब गेली अनेक दशके प्रामुख्याने ३००-एम नावाच्या पोलादातून घडवले जात आहेत. या पोलादाची ताणशक्ती सुमारे १,९०० ते २,००० मेगापास्कल भरते. म्हणजे एक चौरस मिलिमीटर छेदाच्या तारेला जवळजवळ २०० किलो वजन टांगता येईल. आपल्या इमारतींच्या कॉलम-बीममध्ये घालतात त्या एफई-५०० सळईपेक्षा ही ताकद तिपटीहून अधिक आहे. शेकडो टनांचे विमान धावपट्टीवर टेकताना बसणारा दणका झेलायला असेच पोलाद हवे, हे कोणालाही पटेल. परंतु याच पोलादात मिलिमीटरच्या एक-दोन दशांशांएवढी चीर असेल, तिच्यावर सतत ओढ असेल आणि तिथे खारट ओलावा पोहोचत असेल, तर तक्त्यातल्या ताकदीच्या कितीतरी खाली ते तुटते. तुटण्याआधी ते वाकत नाही, लांबत नाही, कसलीही सूचना देत नाही. काल ज्या वजनाखाली भाग उभा होता त्याच वजनाखाली तो आज दुभंगतो. धातुशास्त्रात याला स्ट्रेस करोजन क्रॅकिंग म्हणतात. येथे आपण त्याला ताण-गंजाचा तडा म्हणू.

या प्रकरणात एकच मुद्दा मांडायचा आहे. ताकद हा एकट्या पोलादाचा गुण नाही. पोलाद, त्यावरची ओढ, भोवतालचा ओलावा आणि लोटलेला काळ या सगळ्यांनी मिळून ती ठरते. तक्त्यात छापलेला आकडा येतो तो गुळगुळीत नमुना कोरड्या हवेत काही मिनिटांत ओढून तोडण्याच्या चाचणीतून. विमानाचा भाग मात्र वीस-तीस वर्षे वापरात राहतो, पावसात भिजतो, ओरखडे खातो, आणि विमान जमिनीवर उभे असतानाही भार वाहत असतो. चाचणीतला आकडा खोटा नाही. पण तो ज्या परिस्थितीत खरा आहे ती परिस्थिती विमानाच्या वाट्याला क्वचितच येते. म्हणून अतिबळकट पोलादाच्या बाबतीत सुरक्षिततेचे माप त्याच्या कमाल ताकदीत शोधणे चूक आहे. ते शोधावे लागते त्याच्या पृष्ठभागाच्या निगराणीत, आणि ज्या मर्यादेखाली तडा वाढतच नाही त्या मर्यादेत.

ओलावा आणि ओढ यांच्या संगनमताची जाणीव नवी नाही. १८७५ मध्ये विल्यम जॉन्सन यांनी लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे आपली निरीक्षणे ठेवली. लोखंडी किंवा पोलादी तार थोडा वेळ हायड्रोक्लोरिक अथवा सल्फ्युरिक आम्लात बुडवली की तिचा चिवटपणा जातो. ती मोडून मोडलेले टोक ओले केले तर तिथे बुडबुडे उमटतात. आणि तार काही दिवस तशीच ठेवली किंवा तापवली की गेलेला चिवटपणा बराचसा परत येतो. हे काम धातूत शिरलेल्या हायड्रोजनचे आहे, हे त्यांनी ओळखले. दुसरा धडा हिंदुस्थानातील ब्रिटिश लष्करी छावण्यांमधून आला. पितळी काडतुसे पावसाळ्यात तबेल्यांजवळ साठवली की ती न झाडताच तडकत. काडतूस घडवताना पितळात राहून गेलेला ताण, दमट हवा आणि तबेल्यातला अमोनिया हे तिन्ही एकत्र आल्यावरच हे घडे. काडतुसे बेताची तापवून आतला ताण उतरवला की तडे थांबत. तिघांपैकी एक काढून घेतला की उरलेले दोघे निरुपद्रवी ठरतात, हे सूत्र पितळाइतकेच विमानाच्या पोलादालाही लागू पडते.

आता पोलादाच्या भेगेत काय चालते ते पाहू. भेग अरुंद असते, तिच्यात शिरलेल्या पाण्याची बाहेरच्या पाण्याशी देवघेव जवळपास होत नाही. तिच्या टोकाशी लोखंडाचे अणू विरघळतात, विरघळलेल्या लोखंडाची पाण्याशी अभिक्रिया होते आणि आम्ल तयार होते. मिठातले क्लोराइड आयन आत ओढले जातात आणि ही आम्लता टिकवून धरतात. आम्लातल्या हायड्रोजन आयनांना तिथेच इलेक्ट्रॉन मिळून सुटे हायड्रोजन अणू बनतात. त्यांतले बरेचसे जोडीने वायू होऊन निघून जातात, पण काही पोलादाच्या आत शिरतात. हायड्रोजनचा अणू अतिशय लहान असल्यामुळे तो लोखंडाच्या अणूंच्या जाळीतून साध्या तापमानालाही हिंडू शकतो. भेगेच्या टोकापुढे जिथे धातू सर्व बाजूंनी ताणला गेलेला असतो, तिथे जाळी किंचित सैलावलेली असते आणि हायड्रोजन तिकडेच जमा होतो. तिथे पोलादाच्या स्फटिक-कणांच्या सीमा असतात. पोलाद तापवताना फॉस्फरससारख्या अशुद्धी त्या सीमांवर आधीच गोळा झालेल्या असतात. त्यांत हायड्रोजनची भर पडली की कणाकणांमधली पकड सुटते आणि भेग एक पाऊल पुढे सरकते. नव्या टोकाशी पुन्हा तोच क्रम सुरू होतो. म्हणून असा तुटलेला पृष्ठभाग सूक्ष्मदर्शकाखाली फोडलेल्या खडीसाखरेसारखा दिसतो. कण अखंड असतात, ते फक्त एकमेकांपासून सुटलेले असतात.

हे वर्णन नुसते तर्काचे नाही; १९६० च्या दशकात ते प्रयोगांनी पारखले गेले. अमेरिकेच्या नेव्हल रिसर्च लॅबोरेटरीतील बी. एफ. ब्राउन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वाढत असलेली भेग द्रव नायट्रोजनमध्ये गोठवली, मग नमुना तोडून भेगेच्या टोकाशी गोठलेल्या द्रवाची आम्लता मोजली. बाहेरचे खारे पाणी जवळपास उदासीन असतानाही आतल्या द्रवाचा पीएच चारच्या आसपास निघाला. बाहेरून निरुपद्रवी दिसणारे पाणी भेगेत शिरल्यावर स्वतःच आम्ल होते, हे त्यातून दिसले. दुसरा प्रयोग हॅन्कॉक आणि जॉन्सन यांचा, १९६६ सालचा. त्यांनी एच-११ या उच्चशक्ती पोलादाची भेग साध्या दाबाच्या शुद्ध हायड्रोजन वायूत ठेवली, तेव्हा ती झपाट्याने वाढू लागली. त्या वायूत एक टक्क्याहूनही कमी ऑक्सिजन मिसळताच वाढ थांबली, आणि ऑक्सिजन काढून घेताच पुन्हा सुरू झाली. भेगेच्या टोकावर ऑक्सिजनचा थर बसला की हायड्रोजनला आत शिरायची वाट मिळत नाही. पोलाद तेच, ओढ तीच. पृष्ठभागावर कोण आहे एवढ्यावर भेगेचे चालणे-थांबणे ठरले. पृष्ठभागाला ताकदीइतकेच महत्त्व द्यायला हवे, या म्हणण्यासाठी याहून स्पष्ट पुरावा मिळणे कठीण.

ब्राउन यांचे आणखी एक काम अभियंत्यांच्या रोजच्या उपयोगाचे ठरले. पूर्वी गुळगुळीत नमुने खाऱ्या पाण्यात ताणून ठेवत आणि ते किती दिवसांनी तुटतात ते पाहत. त्या चाचणीतला बहुतेक वेळ पहिला खड्डा पडण्यातच जाई, आणि जिथे खड्डा पडतच नाही तो मिश्रधातू सुरक्षित समजला जाई. ब्राउन यांनी नमुन्यात मुद्दाम आधीच भेग पाडली, त्याचे एक टोक घट्ट पकडले, दुसऱ्या टोकाला वजन टांगले आणि भेगेभोवती खारे पाणी ठेवले. तोवर निर्धोक मानलेले काही टायटॅनियम मिश्रधातू या चाचणीत तडकले. पोलादांच्या बाबतीत एक उंबरठा हाती आला. भेगेच्या टोकाशी एकवटणारा ताण त्या उंबरठ्याच्या खाली असेल तर भेग खाऱ्या पाण्यातही जागची हलत नाही. वर गेला की ती वाढू लागते.

हा उंबरठा किती खाली आहे ते एका साध्या हिशेबाने कळते. ३००-एम किंवा ४३४० जातीचे पोलाद कमाल ताकदीला आणले की कोरड्या हवेतली त्याची भेगरोधकता साधारण ६० मेगापास्कल-वर्गमूळ-मीटर असते, तर खाऱ्या पाण्यातला उंबरठा १५ च्या आसपास येतो. एखाद्या जागी स्थानिक ओढ १,००० मेगापास्कल आहे आणि पृष्ठभागावर अर्धवर्तुळाकार भेग आहे असे धरा. कोरड्या हवेत भाग तुटायला ती भेग सव्वादोन मिलिमीटर खोल व्हावी लागते. खाऱ्या ओलाव्यात मात्र ०.१४ मिलिमीटर खोलीलाच ती वाढू लागते. आकडा चौपटीने खाली आला, पण भेगेची खोली या आकड्याच्या वर्गाच्या हिशेबात बसत असल्यामुळे चालू शकणारी चूक सोळापटीने लहान झाली. गंजाचा एक खड्डा, ग्राइंडिंगच्या चाकाने जास्त तापून पडलेली चीर, निसटलेल्या अवजाराचा ओरखडा, यांपैकी काहीही ०.१४ मिलिमीटरला पुरेसे आहे. आणि एकदा उंबरठा ओलांडला की अशा पोलादात उरलेले दोन मिलिमीटर कापायला वर्षे लागत नाहीत. ओलावा टिकून राहिला तर काही तासही पुरतात.

येथे पहिला आक्षेप येतो. बळकट पोलाद एवढे नाजूक असेल तर थोडे मवाळ पोलाद का वापरू नये? आक्षेपात तथ्य आहे. पोलादाची ताकद जसजशी वाढवावी तसतसे भेगेच्या टोकाशी नमून ताण पसरवण्याची त्याची क्षमता घटते, तिथला ताण चढतो आणि हायड्रोजन अधिक ओढला जातो. म्हणूनच नासाच्या मार्शल केंद्राच्या जुन्या मानकात सुमारे १,२४० मेगापास्कलखालची साधी मिश्रपोलादे ताण-गंजाला चांगली टिकणारी म्हणून वेगळी काढली आहेत. जिथे जागा आणि वजन यांची अडचण नाही तिथे हीच पोलादे वापरावीत, यात वाद नाही. पण लँडिंग गिअर विमानाच्या एकूण उड्डाणवजनाच्या तीन ते पाच टक्के असतो. १,९०० मेगापास्कलच्या जागी १,२०० चे पोलाद घेतले तर सरळ ओढीच्या भागाला सुमारे ६० टक्के अधिक धातू लागेल. ते वजन प्रत्येक उड्डाणात इंधन खाईल, आणि जाड झालेला खांब आवरून पोटात घ्यायला विमानात जागाही काढावी लागेल. त्यामुळे अतिबळकट पोलाद टाळता येत नाही. त्याची जबाबदारी पत्करूनच ते वापरावे लागते.

दुसरा आक्षेप असा की, नियमित तपासणीत भेग सापडेलच. पंख आणि धड यांच्या ॲल्युमिनियमच्या बाबतीत हा विश्वास बराचसा रास्त आहे. तिथे भेग हळूहळू वाढते, मोठी होईपर्यंत भाग टिकतो आणि दोन तपासण्यांच्या मध्ये ती पकडता येते. अतिबळकट पोलादात दोन्ही बाजूंनी अडचण आहे. जी भेग धोक्याची आहे ती कित्येकदा तपासणीला दिसण्याइतकी मोठी नसते, आणि जी दिसते ती तुटण्याच्या फार जवळ पोहोचलेली असते. त्यामुळे लँडिंग गिअरची आखणी बहुधा ठरावीक आयुष्याच्या तत्त्वावर होते, आणि त्या आयुष्यातही साधारण दहा वर्षांच्या आत तो पूर्ण उघडून, मुलामा उतरवून, तपासून पुन्हा नव्याने मढवला जातो. ही मुदत उड्डाणांच्या संख्येबरोबर वर्षांतही मोजतात, याचे कारण गंजाला उड्डाण लागत नाही. महिनोन्‌महिने उभ्या असलेल्या विमानाच्या पायांवर वजन असते, घट्ट बसवलेल्या बुशिंगांनी आणि आवळलेल्या बोल्टांनी आणलेली ओढ असते, आणि हवेतला ओलावा असतो. मुंबई किंवा गोव्याच्या दाभोळीसारख्या समुद्राकाठच्या विमानतळांवर पावसाळ्याचे चार महिने हे तिन्ही अगदी सहज एकत्र येतात.

मुदत पाळण्याचे महत्त्व एका अपघाताने दाखवून दिले. २८ ऑक्टोबर २०१६ रोजी फेडएक्सचे एमडी-१० मालवाहू विमान अमेरिकेतील फोर्ट लॉडरडेल येथे उतरले आणि धावपट्टीवरच त्याचा डावा मुख्य गिअर मोडला. विमान पंखावर घसरले, डाव्या बाजूला आग लागली; दोन्ही वैमानिक बचावले. अमेरिकेच्या वाहतूक सुरक्षा मंडळाच्या तपासात भेगेचा उगम गंजाच्या एका खड्ड्यात सापडला. त्या जागी कॅडमियमचा जो संरक्षक मुलामा असायला हवा होता तो नव्हता, आणि ओव्हरहॉलची मुदत निर्मात्याने सुचवलेल्या मुदतीपेक्षा लांबवलेली होती. येथे खड्ड्यापासून पुढची वाढ उतरण्या-उडण्याच्या आवर्ती ताणाने, म्हणजे थकव्याने झाली. त्यामुळे हे निखळ ताण-गंजाचे उदाहरण नाही, हे नमूद करायला हवे. पण दोहोंचा उगम एकाच जागी आहे: मुलामा नसलेल्या पृष्ठभागावरचा खड्डा. पोलादाची ताकद तक्त्याप्रमाणे असूनही तिथे उपयोगी पडली नाही.

पण मुलामा चढवला म्हणजे काम संपले, असेही नाही. कॅडमियम पोलादाच्या आधी स्वतः झिजते आणि पोलादाला वाचवते. मात्र मुलामा चढवण्याच्या विद्युत-स्नानातच पोलादाच्या पृष्ठभागावर हायड्रोजन तयार होतो आणि आत शिरतो. म्हणून भाग स्नानातून बाहेर काढल्यावर काही तासांच्या आत भट्टीत घालून सुमारे १९० अंश सेल्सियसला जवळपास दिवसभर तापवतात. विल्यम जॉन्सन यांनी दीडशे वर्षांपूर्वी पाहिलेली सुधारणा येथे कारखान्याचा नियम झाली आहे. स्नानावर भरवसा ठेवता येतो का, हे पाहण्यासाठी खाच पाडलेले नमुने त्याच स्नानात मढवून त्यांच्या तुटण्याच्या भाराच्या ७५ टक्के भारावर २०० तास टांगून ठेवतात. नमुना तुटला तर स्नान नापास. पुढे वापरात मुलाम्यावर खोल ओरखडा पडला, तर कॅडमियम झिजू लागते आणि उघड्या पोलादावर पुन्हा हायड्रोजन तयार होऊ शकतो. चुकीचा रंग-उतारू द्राव किंवा आम्लयुक्त साफसफाईचे रसायन हेच करू शकते. शिवाय कॅडमियम विषारी असल्याने त्याच्या जागी झिंक-निकेल किंवा निर्वातात बसवलेले ॲल्युमिनियम येत आहे. प्रत्येक बदलाबरोबर हायड्रोजनचा हिशेब नव्याने मांडावा लागतो.

तिसरा आक्षेप आशावादी आहे: नवी पोलादे हा प्रश्न सोडवतील. काही अंशी हे खरे आहे. एअरमेट-१०० या निकेल-कोबाल्ट पोलादाची ताकद ३००-एमच्या जवळपास आणि कोरड्या हवेतली भेगरोधकता त्याच्या सुमारे दुप्पट आहे. विमानवाहू जहाजांवरून उडणाऱ्या एफ/ए-१८ई/एफ विमानांच्या गिअरमध्ये ते वापरले गेले. फेरियम एस-५३ या पोलादात पुरेसे क्रोमियम घातल्यामुळे ते साध्या गंजाला दाद देत नाही. २०१० च्या डिसेंबरमध्ये त्याचा गिअर बसवलेले टी-३८ प्रशिक्षण विमान उडाले. खड्डा पडला नाही तर भेगेला सुरुवातच मिळत नाही, हा मोठा फायदा आहे. पण एअरमेट-१०० चा खाऱ्या पाण्यातला उंबरठा त्याच्या कोरड्या भेगरोधकतेच्या मानाने बराच खाली येतो. एवढ्या ताकदीच्या पोलादात हायड्रोजन शिरला की कणांमधली पकड ढिली होणारच. चांगले पोलाद हायड्रोजनची वाट अवघड करते, बंद करत नाही.

शेवटचा आक्षेप असा की, असे अपघात विरळ आहेत, मग इतकी काळजी कशाला? ते विरळ आहेत ते काळजीमुळेच. शॉट पीनिंगने पृष्ठभागावर दाबाचा थर निर्माण करतात, जेणेकरून भेगेच्या तोंडाशी ओढच उरू नये. पाणी साचेल असे कोपरे टाळतात आणि साचलेले निथळायला छिद्रे ठेवतात. ग्राइंडिंगनंतर आम्लाने खरवडून जळालेल्या जागा शोधतात, आणि प्रायमर, रंग, ग्रीस यांचे थर एकावर एक चढवतात. यांतले एकही काम पोलादाची ताकद तसूभर वाढवत नाही. ती सगळी मिळून ओलावा, ओढ आणि पोलाद यांना एकत्र येऊ देत नाहीत. अमेरिकेतील पॉइंट प्लेझंट येथील सिल्व्हर ब्रिज १५ डिसेंबर १९६७ रोजी कोसळून ४६ माणसे दगावली, तेव्हा कारण होते एका पोलादी पट्टीच्या डोळ्यातली काही मिलिमीटर खोल भेग. चाळीस वर्षांच्या काळात ताण-गंज आणि गंज-थकवा यांनी ती वाढवली होती, आणि सांधा न उघडता ती दिसणे शक्य नव्हते. जिथे निगराणी पोहोचत नाही तिथे काय होते, हे त्या पुलाने दाखवले.

यातून निघणारा निर्णय स्पष्ट आहे. अतिबळकट पोलादाचा भाग आखताना आणि खरेदी करताना कमाल ताकदीचा आकडा पहिल्या रकान्यात असतो. खाऱ्या ओलाव्यातल्या उंबरठ्याचा आकडा त्याच्या शेजारी, तितक्याच ठळकपणे असायला हवा. भाग मढवल्यावर वेळेत भट्टीत घालणारा कामगार, ओरखडा दिसताच नोंद करणारा तंत्रज्ञ आणि ओव्हरहॉलची मुदत लांबवायला नकार देणारा देखभाल-अभियंता यांना आपण उत्पादनाच्या शेवटच्या टप्प्यावरचे लोक समजतो. पुराव्याच्या आधारे पाहिले तर विमानाच्या पोलादाची ताकद ठरवणाऱ्यांत त्यांचा वाटा पोलाद वितळवणाऱ्याइतकाच आहे, आणि प्रशिक्षण, पगार आणि अधिकार देताना तो तसाच धरला पाहिजे.